तालमीचा पियानो

मैफलीत वाद्यवृंद थांबला, एकटा पियानो उरला. शेजारच्या खुर्चीवरच्या आजी हळूच म्हणाल्या, “तालमीत एवढंच असायचं. एक माणूस, एक पियानो. तोच आमचा ऑर्केस्ट्रा.”

तरुणपणी त्या संगीतिकांमध्ये नाचायच्या.

काल पिट्सबर्गमध्ये संगीतकार मार्विन हॅम्लिश यांच्या आठवणीत ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरच्या, गाण्यांची ही मैफल ऐकली. २०१२ साली ते गेले. ऑस्कर, टोनी, पुलित्झर सगळं मिळालेला माणूस, पण ब्रॉडवेवरची सुरुवात ‘फनी गर्ल’ या संगीतिकेच्या तालमींना पियानो वाजवण्यापासून!

मग त्यांच्याच ‘अ कोरस लाइन’ या संगीतिकेची धून सुरू झाली. मागच्या रांगेत नाचणाऱ्यांची ही गोष्ट. १९७५ ते १९९० या काळात ब्रॉडवेवर तिचे ६,१३७ प्रयोग झाले. मी खाली पाहिलं. आजींची पावलं खुर्चीखाली हलत होती. टाच, चवडा, क्षणभर थांबा, पुन्हा टाच. वरचं अंग अगदी स्थिर.

त्या पावलांना ठेका देणाऱ्याचं नाव त्यांना अजून आठवत होतं, मला मात्र ते कुठल्याच यादीत सापडणार नाही.

आपल्या संगीत नाटकांच्या तालमींतही कुणीतरी पेटी घेऊन बसायचंच ना? गोविंदराव टेंबे आपल्याला ठाऊक आहेत, त्यांनी ‘मानापमान’ला चाली दिल्या. बाकीच्यांची नावं तुमच्यापैकी कुणाच्या घरी माहीत आहेत का?