अंधाऱ्या दालनातली दोन पानं

लंडनला आले तेव्हा पहिल्या महिन्यात टॉवर ब्रिजसुद्धा पाहिला नव्हता, पण ब्रिटिश लायब्ररीत मात्र तीनदा जाऊन आले होते. सेंट पँक्रास स्टेशनच्या शेजारी लाल विटांची ही इमारत आहे. अंगणात कर्कटक हातात घेऊन वाकून बसलेला न्यूटनचा प्रचंड पुतळा. आत गेलं की काचेचा सहा मजली मनोरा दिसतो आणि त्यात तिसऱ्या जॉर्ज राजाची चामडी बांधणीची पुस्तकं. ती शोभेसाठी ठेवली असतील असं मला वाटलं होतं. तसं नाही. वाचकाने मागणी नोंदवली की त्यातलंच पुस्तक काढून वाचनकक्षात नेतात. हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

वाचनकक्षासाठी रीडर पास लागतो. दुर्मीळ ग्रंथ आणि हस्तलिखितं मांडलेल्या खजिन्याच्या दालनाला मात्र पासही लागत नाही आणि तिकीटही नाही. दार ढकलायचं आणि आत जायचं.

आत इतका कमी उजेड असतो की डोळे सरावायला वेळ लागतो. शाई, रंग, कागद, सगळ्यांनाच प्रकाश बाधतो, आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. म्हणून अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त प्रकाश पडू न देण्याचा संग्रहालयांचा दंडक आहे. शिवाय पुस्तक कितीही जाडजूड असलं तरी काचेआड उघडी असतात ती दोनच पानं. काही महिन्यांनी पान उलटतात, नाहीतर ती वस्तूच विश्रांतीला जाते. पहिल्या भेटीत मला याची चुटपुट लागली होती. आता त्या दोन पानांसमोरच मी अर्धा अर्धा तास उभी राहते.

सगळ्यात जास्त वेळ थांबले ती जळलेल्या मॅग्ना कार्टासमोर, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेल्या हक्कांच्या सनदेसमोर. १२१५ सालच्या या सनदेच्या चार प्रती आज उरल्या आहेत. त्यातल्या दोन इथे, एक लिंकनला आणि एक सॉल्झबरीला. इथल्या दोनपैकी एक प्रत १७३१ साली अ‍ॅशबर्नहॅम हाऊस या लंडनमधल्या वास्तूला लागलेल्या आगीत होरपळली. चारही प्रतींमध्ये मोहोर शिल्लक आहे ती याच एका प्रतीवर, पण मेणाचा वितळलेला गोळा होऊन. आणि वाईट वाटतं ते पुढचं ऐकून. आगीनंतरही मजकूर बराचसा वाचता येत होता. १७३३ साली त्याची कोरीव नक्कलही छापली गेली. अक्षरं खऱ्या अर्थाने गेली ती एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत. जपायला गेलेल्या हातांनीच ती पुसली. अलीकडे अतिनील किरणांसारख्या वेगवेगळ्या प्रकाशात छायाचित्रं घेऊन तज्ज्ञांनी त्यातला बराच मजकूर पुन्हा वाचला. डोळ्यांना मात्र तिथे नुसता मळकट तपकिरी चामड्याचा तुकडा दिसतो. मी त्यावर एखादं तरी अक्षर शोधत राहते.

मोठी तात्पुरती प्रदर्शनं वेगळी असतात, त्यांना तिकीट असतं. २०२४ च्या शरदात चीनमधल्या दुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांवरचं प्रदर्शन होतं, तिथे वज्रसूत्र या बौद्ध ग्रंथाची गुंडाळी पाहिली. तारीख नोंदवलेलं हे जगातलं सर्वात जुनं छापील पुस्तक. इसवी सन ८६८, म्हणजे युरोपात छपाई सुरू करणाऱ्या गटेनबर्गच्या जवळजवळ सहाशे वर्षं आधीचं. मजकूर चिनी, पण मूळ आपलं संस्कृत वज्रच्छेदिका. कुमारजीव या बौद्ध भिक्षूने त्याचा अनुवाद केला. शेवटी वांग जिए नावाच्या माणसाने लिहवून घेतलंय की आईवडिलांसाठी, सर्वांना फुकट वाटण्याकरता हे छापलं. वाचून घशात काहीतरी दाटून आलं. ऑरेल स्टाईन या संशोधकाने १९०७ साली दुनहुआंगच्या लेण्यांतल्या पुजाऱ्याला थोडे पैसे देऊन हस्तलिखितांचे गठ्ठे उचलले, हेही त्याच खोलीत उभं राहून विसरता येत नाही. फुकट वाटायला छापलेली वस्तू अशा रीतीने इथवर यावी, हे मला पटत नाही. आणि ती आजवर जपली गेली याचा आनंदही मला नाकारता येत नाही.

एक गोष्ट अजून पाहायची राहिली आहे: मेवाडच्या राणा जगतसिंहाचं रामायण. १६४९ ते १६५३ या काळात लिहिलेलं आणि चितारलेलं. लिहिणारा महात्मा हीरानंद आणि मुख्य चित्रकारांपैकी एक साहिबदीन, म्हणजे रामकथेची ही चित्रं एका मुसलमान चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरली. पुढे राणा भीमसिंहांनी यातले खंड कर्नल टॉड या ब्रिटिश अधिकाऱ्याला भेट दिले, ते इथे पोचले. बाकीची पानं भारतातच राहिली, काही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. २०१४ साली या दोन संस्थांनी मिळून विखुरलेली पानं संगणकावर एकत्र आणली. पडद्यावर मी ती पाहिली आहेत. इथे २००८ साली त्याचं मोठं प्रदर्शन झालं होतं, तेव्हा मी शाळेत होते. इमारतीखाली तळघराचे मजले आहेत, तिथेच ते खंड असतील असं मी धरून चालते. दालनातून फिरताना कधीकधी वाटतं, आत्ता लंकेवर निघालेली वानरसेना बरोबर माझ्या पायांखाली आहे. दर महिन्याला येते तेव्हा दारावरच्या बाईंना विचारते, या वेळी कुठली पानं उलटली?