रविवारी यूजरस्क्रिप्टची बैठक, बडोदे

यूजरस्क्रिप्ट म्हणजे उघडलेल्या वेबपानात आपल्याला हवे ते बदल करणारा छोटा कोड. आज दांडिया बाजारात बसून बैठकीचा आराखडा पक्का झाला. टॅम्परमंकी, म्हणजे अशा स्क्रिप्ट चालवणारं ब्राउझरचं एक्स्टेन्शन, घरूनच टाकून आणा; वीस जण एकाच वायफायवर डाउनलोडला बसले की अर्धा तास गेलाच. क्रोम १३८ किंवा त्यापुढचं असेल तर एक्स्टेन्शनच्या तपशिलात ‘अलाउ यूजर स्क्रिप्ट्स’ चालू करा. नाहीतर स्क्रिप्ट सेव्ह होते, चालत मात्र नाही, आणि माणूस उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती मागाहून भरणारी पानं. स्क्रिप्ट धावते तेव्हा हवा तो घटक आलेलाच नसतो, मग तो शोधणारा क्वेरीसिलेक्टर ‘नल’ (null, म्हणजे काहीच नाही) देतो. सेटटाइमआउटवर (ठरावीक वेळ थांबून मग कोड चालवण्यावर) वेळ मारून नेऊ नका, पानातल्या बदलांवर नजर ठेवणारा म्यूटेशनऑब्झर्व्हर लावा, आणि घटक सापडला की ऑब्झर्व्हर डिस्कनेक्ट करा.

सरावाला मराठी विकिपीडिया: अक्षर मोठं, कडेची पट्टी गायब. बँकेच्या साइटवर प्रयोग अजिबात नकोत.