आमची वाटचाल : ‘किती’पासून ‘कुठून’पर्यंत

२००६ साली आम्ही दोघा भावांनी पुण्यात माती परीक्षणाची प्रयोगशाळा काढली, तेव्हा नत्र, स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय कर्ब एवढ्यावरच आमचे भागत असे. शहरातील मातीकडे आम्हाला वळवले ते एका गृहनिर्माण संस्थेने. बागेच्या मातीत शिसे बरेच निघाले आणि सभासदांचा रोख थेट कुंपणापलीकडच्या जुन्या बॅटऱ्यांच्या दुकानाकडे गेला. शिसे किती, हे आमच्या अहवालात होते. ते आले कुठून, हे नव्हते, आणि अध्यक्षांनी नेमके तेच विचारले.

शिशाची २०४, २०६, २०७ आणि २०८ अशी चार स्थिर समस्थानिके, म्हणजे शिशाचेच पण वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू, आहेत. शेवटची तिन्ही युरेनियम व थोरियमच्या ऱ्हासातून वाढत आल्यामुळे त्यांचे परस्पर प्रमाण खाणीगणिक वेगळे पडते, आणि धातू वितळवून रंगात घातला काय किंवा बॅटरीत भरला काय, ते जवळजवळ बदलत नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिलच्या शिशात २०६ व २०७ यांचे गुणोत्तर सुमारे १.०४ भरते, तर सर्वसाधारण खडक-मातीत ते १.२ च्या आसपास असते. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले, तरी त्याचे शिसे रस्त्याकडेच्या वरच्या थरात अजून टिकून असू शकते, म्हणून तेही संशयितांत धरावे लागते.

पहिले सहा महिने वायाच गेले. आमच्या ब्लँकमध्येच, म्हणजे माती न घालता चालवलेल्या नमुन्यात, शिसे येत होते. काचेची भांडी बदलली, टेबले पुसली. शेवटी दोष निघाला नेहमीच्या नायट्रिक आम्लात. आम्ही ते टेफ्लॉनच्या भांड्यात उकळीखालच्या तापमानाला ऊर्ध्वपातित करू लागलो, तेव्हा कुठे ब्लँक खाली आला. गुणोत्तरे मोजायचे यंत्र आमच्या ऐपतीबाहेरचे असल्याने नमुने विरघळवून, शिसे वेगळे काढून मोजणीपुरते बाहेर पाठवतो.

संस्थेच्या बागेतून आम्ही वरची माती, मीटरभर खालची माती, दुकानाच्या दारातील धूळ आणि खिडक्यांच्या जाळ्यांवरचे रंगाचे पापुद्रे घेतले. गुणोत्तरांच्या आलेखावर वरच्या मातीचे बिंदू रंग आणि खोल माती यांना जोडणाऱ्या रेषेवर बसले, म्हणजे तिच्यातले शिसे या दोहोंचे मिश्रण होते. दुकानाची धूळ बाजूलाच राहिली. रंगाऱ्यांनी जाळ्या घासून जुना रंग वाफ्यांतच झाडला होता. तेव्हापासून संशयित स्रोतांचे नमुने दिल्याशिवाय आम्ही हे काम घेतच नाही, मग ग्राहक कितीही कुरकुरो.

पुढे तो दुकानदार स्वतःच्या अंगणातील माती घेऊन आला. तिच्यातले शिसे मात्र बॅटऱ्यांचेच निघाले.