सात अक्षरं आणि छापखान्यातले खण

आमच्या ठाण्यातल्या चरईतल्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी पाककृती, रांगोळी आणि संगीतखुर्ची ठरलेली. मागच्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून स्क्रॅबल निघालं. म्हणजे एकेक इंग्रजी अक्षर असलेल्या सात टाइल्स आपल्या पट्टीवर घ्यायच्या आणि त्यांतून पटावर शब्द जुळवायचे. चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडल्या, आणि माझ्या वाट्याला तळमजल्यावरचे काका आले. वय ८१, गिरगावातल्या एका छापखान्यात उभा जन्म कंपोझिटर म्हणून, म्हणजे छपाईसाठी अक्षरं जुळवण्यात गेलेला. मी मराठी माध्यमातली. ऑफिसात दिवसभर इंग्रजी मेल लिहिते, पण पट्टीवर सात सुटी अक्षरं आली की त्यांच्याकडे नुसती बघत बसते.

हाताशी तीन आठवडे होते. मी ऐरोलीला नोकरी करते आणि एक्सेल म्हणजे माझं माहेर. मुलाने लाखभराहून जास्त इंग्रजी शब्दांची एक यादी मिळवून दिली. म्हटलं, सोपं आहे. क्यू, ए आणि टी ही तीन अक्षरं असलेले शब्द काढायचे, तर फिल्टर लावला की झालं. पण फिल्टरच्या त्या चौकटीत 'असलेले' ही अट दोनदाच घालता येते. तिसऱ्या अक्षराला जागाच नाही. मग प्रत्येक अक्षराला वेगळा कॉलम करून ते शोधलं आणि यादी आली: क्वार्टर, क्वालिटी, इक्वेटर, अ‍ॅक्वाटिक. मी खूश!

संध्याकाळी काकांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, ह्या सगळ्यांना यू लागतो. तुझ्याकडे यू कुठाय?"

नव्हताच. दोन दिवस मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होते. एखाद्या शब्दात ही अक्षरं आहेत का, हा एक प्रश्न. हा शब्द एवढ्याच अक्षरांत भागतो का, हा दुसरा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण खेळात दुसराच कामाचा.

त्यासाठी मोजणी आली. शब्दाची लांबी काढायची, मग त्यातले सगळे ई गाळून परत लांबी काढायची. वजाबाकी केली की शब्दात ई किती ते कळतं. (आधी सगळं लहान लिपीत करून घ्या, नाहीतर कॅपिटल ई तसाच राहतो. माझा राहिला होता.) असे ए ते झेड सव्वीस कॉलम केले. प्रत्येक अक्षर पट्टीवर आहे त्याहून किती जास्त लागतं, तो तुटवडा मांडला आणि त्याची बेरीज केली. बेरीज शून्य आली तर शब्द जमला. कोरी टाइल, म्हणजे कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारी, हातात असेल तर एकपर्यंत चालतं, दोन असतील तर दोनपर्यंत. सूत्र खाली ओढलं आणि लॅपटॉप गारठला. लाख ओळी गुणिले सव्वीस, दुसरं काय होणार? सातपेक्षा जास्त अक्षरांचे शब्द काढून टाकले तेव्हा कुठे गाडी हलली.

हे काकांना सांगितलं तर ते हसले. "आम्ही हे हातानेच करायचो," म्हणाले. छापून झालं की जुळवलेले खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, परत आपापल्या खणात टाकायचे. स्टॉप मोडा, पोस्ट मोडा, स्पॉट मोडा, त्याच चार खणांत एकेक खिळा पडणार. म्हणजे शब्द जुळतो का ते बघायचं तर तो आधी मोडायचा. त्यांच्याकडे इंग्रजी खिळ्यांच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, सगळ्यात मोठा खण ईचा असायचा, कारण तोच सारखा लागतो. स्क्रॅबलच्या शंभर टाइल्समध्येही ई बारा आहेत. हा खेळ काढणाऱ्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून तो हिशोब बसवला होता. काकांना हे सांगितलं, तर म्हणाले, "एखाद्या कंपोझिटरला विचारलं असतं तर त्याने उभ्याउभ्या सांगितलं असतं."

मग मी प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून शेजारच्या कॉलमात ठेवली. मोडलेला शब्दच तो. पट्टीवरची सातही अक्षरं तशीच लावायची आणि त्या कॉलमात शोधायची. ए, ई, आय, एन, आर, एस, टी टाकलं आणि रिटेन्स, नॅस्टिअर, रेटिनाज एकाखाली एक आले. सात वेगळ्या अक्षरांच्या ५,०४० मांडण्या होतात आणि मी आजवर त्या मनातल्या मनात फिरवत बसले होते.

स्पर्धेत मोबाइल बंद, त्यामुळे हे सगळं फक्त सरावापुरतं. सकाळी ठाणे स्टेशनवर वाशी गाडीत बसताना डायरीत सात अक्षरं लिहायची आणि ऐरोलीपर्यंत हातानेच सोडवायची. २०२४ मध्ये मधे दिघा गाव स्टेशन झालंय, तेवढाच एक थांबा जास्त मिळाला. सूत्रांपेक्षा गाडीतल्या त्या काही मिनिटांनी मला जास्त शिकवलं, हे खरं. आधी आयएनजी, ईआर, ईडी अशी शेपटं बाजूला काढायची. एस शक्यतो राखून ठेवायचा, कारण सबंध खेळात तो चारच वेळा आहे. त्याच यादीत क्यू-ए-टी असा यूशिवायचा एक शब्दही सापडला. येमेनमध्ये पानं चघळतात त्या झुडपाचं नाव.

अंतिम फेरीत तो क्यू माझ्याच वाट्याला आला. मी ऐटीत तीन टाइल्स मांडल्या. समोरच्या कॉलेजातल्या मुलीने हरकत घेतली. परीक्षकांनी घरून आणलेली छोटी डिक्शनरी उघडली. "के-एच-ए-टी आहे. क्यूने नाही." शब्द उचलावा लागला, डावही गेला. स्पर्धांच्या मान्य यादीत हा शब्द आहे, मी सांगत होते, पण मंडपात आरतीची वेळ झाली होती. अकरा गुणांनी हरलो.

मी तणतणत होते, तेवढ्यात काका टाइल्स पिशवीत भरायला लागले. एकेक मोजून, अक्षराप्रमाणे ढीग लावून. ईच्या ढिगाशी थांबले. "अकराच आहेत," म्हणाले, आणि ८१ व्या वर्षी सतरंजीखाली हात घालून बारावा शोधायला लागले.