दुसऱ्या प्रोसेसरची बाकी

"मशीन सोमवारी मिळतंय ना?" मॅडमनी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं आणि मीही तिसऱ्यांदा "हो" म्हणालो. २०१६ च्या ऑगस्टमधला तो शुक्रवार होता. माझ्या हिशेबाने मशीन तयारच होतं. एकच तपासणी उरली होती आणि तिचा निकाल संध्याकाळपर्यंत येणार होता.

मी एका संशोधन संस्थेतले संगणक सांभाळतो. हे वर्कस्टेशन आधीही मॅडमच्याच संशोधन गटाकडे होतं. एका मदरबोर्डवर दोन प्रोसेसर, प्रत्येकात आठ कोअर, म्हणजे एकाच वेळी गणित करणारे आठ भाग, आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याच्या स्वतःच्या चार रॅम स्टिक. त्यांचा जुना प्रकल्प मार्चअखेर संपला आणि नवा सप्टेंबरात सुरू व्हायचा होता. एवढं दणकट यंत्र मधले पाच महिने धूळ खात पडणार हे मला बघवेना. प्रमुखांची लेखी परवानगी घेतली आणि एप्रिलच्या मध्यापासून ते गिंप्सला जोडून दिलं.

गिंप्स म्हणजे ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प, आणि जगभरातले लोक आपापल्या संगणकाचा रिकामा वेळ त्याला देतात. शोध असतो दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांचा. माझ्या वाट्याला साडेसात कोटींच्या आसपासचे घातांक येत होते, म्हणजे एकेक संख्या सव्वादोन कोटींहून जास्त अंकांची. पद्धत सांगायला अगदी सोपी आहे. ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करायचा, २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागून जी बाकी उरेल तिच्यावर पुन्हा तेच करायचं. अशा साडेसात कोटी फेऱ्या. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर नाही.

दोन प्रोसेसर असले की पहिला मोह होतो सोळाही कोअर एकाच संख्येवर लावायचा. तसं करून पाहिलं आणि सोडून दिलं. या आकाराच्या गणिताला सुमारे ३२ एमबी जागा लागते आणि एका प्रोसेसरची कॅश, म्हणजे त्याच्या आतली झटपट मेमरी, होती २० एमबी. म्हणजे प्रत्येक फेरीत रॅमकडे धाव घ्यावीच लागणार, आणि निम्मी रॅम दुसऱ्या प्रोसेसरच्या ताब्यात. दोघांमधल्या दुव्यावरून डेटा ये-जा करत राहतो आणि कोअर वाट पाहत बसतात. त्याऐवजी प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र संख्या दिली आणि त्याला त्याच्या स्वतःच्या रॅमशी बांधून टाकलं. मग एकेक फेरी पाच मिलिसेकंदांत होऊ लागली, एका संख्येला साडेचार दिवसांहून थोडा कमी वेळ. ऑगस्टपर्यंत प्रत्येक प्रोसेसरच्या नावावर २६ निकाल जमा झाले होते. सगळे निर्दोष, निदान प्रोग्रामच्या नोंदीत तरी. चूक आढळली तर निकालासोबत एक संकेतांक जातो. माझ्या ५२ निकालांसोबत शून्यच गेली होती.

मशीन परत करण्याआधी मी दोन्ही प्रोसेसरना एकेक फेरतपासणी दिली. फेरतपासणी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी काही वर्षांपूर्वी केलेली संख्या पुन्हा करायची. आपल्याला जुना निकाल दाखवत नाहीत. गणिताची सुरुवातही वेगळ्या ठिकाणी सरकवून होते, म्हणजे प्रोग्राममधल्या एकाच दोषामुळे दोघांची सारखीच चूक होऊ नये. शेवटच्या बाकीचे ६४ बिट, म्हणजे सोळा अक्षरं, सर्व्हरकडे जातात आणि तो दोन्ही जुळवून पाहतो.

पहिल्या प्रोसेसरचा निकाल जुळला. दुसऱ्याचा जुळला नाही.

मनात आलं, कदाचित त्या जुन्या स्वयंसेवकाचंच चुकलं असेल. होतं असं, म्हणून तर फेरतपासणी आहे. दोघांत खरं कोण हे तिसऱ्याने तीच संख्या केल्यावरच कळतं, आणि त्याला आठवडे लागू शकतात. पण सोमवारी हे मशीन मॅडमच्या गटाच्या हाती जाणार होतं. मी त्यांना फोन केला आणि सांगितलं, सोमवार जमणार नाही. कारण ऐकून त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आमची मागची दोन वर्षं याच मशीनवर गेली आहेत." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्यासमोर फक्त पुढचा सोमवार होता.

शनिवारी सकाळी आमच्या विभागातला नवा मुलगा आणि मी दोघेच आलो. त्याने आदल्या रात्री मेमरी टेस्ट लावून ठेवली होती. एकही चूक नाही. "सर, रॅम ठीक आहे मग," तो म्हणाला. मला खात्री वाटेना. ती टेस्ट रॅम तपासते खरी, पण तेव्हा सोळा कोअर जवळजवळ गार असतात. आपल्याला हवी होती ती कॅबिनेट तापलेलं असतानाची अवस्था.

दोन प्रोसेसर असण्याचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. दोघांना एकच संख्या दिली, आपापल्या रॅमवर, आणि दर एक लाख फेऱ्यांनी मधली बाकी छापायला सांगितलं. म्हणजे आठ-साडेआठ मिनिटांनी दोन्हीकडे एकेक ओळ. ती अक्षरशः सारखी असायला हवी. तो मुलगा डावीकडची वाचायचा, मी उजवीकडची. पहिले दोन तास जुळत गेलं. मग एका ओळीला तो थांबला. त्याने ती पुन्हा वाचली. माझ्या पडद्यावरची सोळाच्या सोळा अक्षरं वेगळी होती.

आणि त्यानंतर ती जुळणार नव्हतीच. या गणिताचा स्वभावच तसा आहे. एका फेरीत एक बिट चुकला की त्याचा वर्ग होतो, त्या वर्गाचा वर्ग होतो, आणि दोन-चार फेऱ्यांत खऱ्या उत्तराचा मागमूस उरत नाही. प्रोग्राम मात्र शांतपणे पुढे जात होता. त्याच्याजवळ एक तपासणी असते: गुणाकार अपूर्णांकांत होतो, उत्तरं पूर्णांकाच्या अगदी जवळ यावी लागतात, फार लांब आली तर तो ओरडतो. पण चुकलेलं उत्तर दुसऱ्याच पूर्णांकाजवळ जाऊन बसलं तर त्याला काहीच दिसत नाही, आणि ही तपासणीही तो दर फेरीला करत नसे. यंत्र बंद पडलं असतं, निळा पडदा आला असता, तर ते किती सोपं झालं असतं!

प्रोसेसर चुकतोय हे ठरलं असं त्या मुलाला वाटलं. मला आणखी एक करून पाहायचं होतं. लिनक्समध्ये प्रोसेसर एक आणि रॅम दुसऱ्याची असं बांधता येतं. म्हणून अदलाबदल केली. पहिल्या प्रोसेसरला दुसऱ्याची रॅम, दुसऱ्याला पहिल्याची. दोघेही मंदावले, फेरीला दीडपट वेळ लागू लागला, पण आम्हाला वेग नकोच होता. संख्या तीच, त्यामुळे सकाळच्या पहिल्या प्रोसेसरच्या ओळी आता आमच्याजवळ छापलेल्या होत्या.

दुपारी साडेतीनला फरक पडला. या वेळी चुकला तो पहिला प्रोसेसर. दुसऱ्याची प्रत्येक ओळ बरोबर येत होती. म्हणजे दोष रॅमचा होता. चार महिने मनातल्या मनात ज्याच्यावर विश्वास टाकला आणि सकाळपासून ज्याच्यावर संशय घेतला, तो प्रोसेसर दोन्ही वेळा आपलं काम चोख करत होता.

कॅबिनेट उघडलं तेव्हा कारण लगेच दिसलं. दोन्ही प्रोसेसरवरचे फॅन जोरात फिरत होते, पण दुसऱ्या बाजूच्या रॅमवर वारा टाकणारा छोटा फॅन थांबलेला होता. बोटाने ढकलला तर अर्धा फेरा जाऊन अडकत होता. त्यामुळे प्रोसेसरची तापमानं व्यवस्थित दिसत होती आणि आम्ही तेवढीच बघत होतो. चारपैकी एक स्टिक मुळातच कमकुवत असणार. फॅन बदलला, मग एकेक स्टिक काढून पुन्हा तेच गणित लावत रविवार रात्रीपर्यंत ती कोणती हे शोधून काढलं. या बोर्डावर ईसीसी रॅम चालली असती, पण खरेदीच्या वेळी साधी घेतली होती. ईसीसी असती तर एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त झाली असती आणि नोंदवलीही गेली असती. तेव्हापासून गणितासाठीच्या प्रत्येक मशीनच्या मागणीपत्रात ती अट मी स्वतः घालतो.

मॅडमचं मशीन मिटलं. दुसऱ्या प्रोसेसरचे माझे २६ निकाल मिटले नव्हते.

ते सगळे पहिल्यांदाच तपासलेल्या संख्यांचे होते. तेव्हाच्या पद्धतीत अशा संख्येची फेरतपासणी कित्येक वर्षांनी व्हायची. तोपर्यंत सर्व्हरवर माझ्या नावापुढे "मूळ नाही" असंच राहिलं असतं. त्याच जानेवारीत तेव्हाची सर्वांत मोठी मूळ संख्या जाहीर झाली होती, घातांक ७,४२,०७,२८१. कर्टिस कूपर यांच्या संगणकाने ती सप्टेंबर २०१५ मध्येच सर्व्हरला कळवली होती, पण सूचनेचा ईमेल गेला नाही आणि जानेवारीपर्यंत ती तशीच पडून राहिली. तिथे निदान बाकी शून्य नोंदलेली होती, पाहिली की कळणार होतं. माझ्याकडून एखादं शून्य पुसलं गेलं असेल तर तिथे पाहूनही काही कळणार नव्हतं. ही शक्यता फार लहान होती, हे मलाही ठाऊक होतं. तरी त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नाही.

मी प्रकल्पाला सविस्तर लिहिलं, २६ घातांकांची यादी दिली आणि हे निकाल संशयित धरा म्हणून विनंती केली. स्वतः पुन्हा करावेत असं फार वाटत होतं, पण माझ्या चुकीला माझ्याच मशीनची साक्ष कशी चालेल? संशयित निकाल आधी हाती घेणारे स्वयंसेवक गिंप्समध्ये असतात. दोन दिवसांत यादीतल्या बऱ्याच संख्यांपुढे अनोळखी टोपणनावं दिसू लागली. कुणी मला एका शब्दानेही जाब विचारला नाही.

पुढचे तीन महिने रोज सकाळी मी ती यादी उघडायचो. पहिले १५ निकाल जुळले. सोळावा चुकला, सतरावा-अठरावा जुळले, आणि नंतरचे आठच्या आठ चूक. फॅन कधी मंदावला आणि कधी थांबला याची तारीखवार नोंदच जणू त्यात होती, जुलैच्या आगेमागे. मी ती मॅडमना दाखवली. त्यांचं काम मार्चलाच संपलं होतं. तरीही त्यांनी जुन्यातली दोन मोठी गणितं दुरुस्त मशीनवर पुन्हा चालवली. दोन्ही जुळल्यावर त्या माझ्या खोलीपर्यंत स्वतः सांगायला आल्या.

आज असं होणं जवळपास अशक्य झालं आहे. रॉबर्ट गेर्बिझ यांनी सुचवलेली तपासणी २०१८ पासून वापरात आली. ती गणित चालू असतानाच चूक पकडते आणि मागच्या बरोबर टप्प्यावरून पुन्हा सुरू करते. २०२० पासून तर निकालासोबत पुरावाही पाठवता येतो, तो पडताळायला मूळ कामाच्या मानाने अगदी थोडा वेळ लागतो. माझ्या त्या चार महिन्यांत हे असतं तर निम्मं मशीन वाया गेलं नसतं.

चुकलेल्या नऊ संख्यांना तिसरी तपासणी लागली, माझा आणि दुसऱ्याचा निकाल यांत कोणता खरा हे ठरवायला. आठ संख्या लवकर झाल्या, बाकी शून्य कुठेच नाही. नववी एका स्वयंसेवकाने घेतली होती. बहुधा एखाद्या साध्या लॅपटॉपवर, कारण माझ्या मशीनने जी संख्या साडेचार दिवसांत चुकीची केली होती तिला त्याला १९ दिवस लागले. विसाव्या दिवशी सकाळी यादी उघडली. त्याची सोळा अक्षरं दुसऱ्या स्वयंसेवकाच्या सोळा अक्षरांशी जुळली होती. शून्य नव्हतं. माझ्या निकालापुढे "चूक" अशी नोंद लागली होती आणि संख्येपुढे, आता खात्रीने, "मूळ नाही".