सरासरी नको, हिस्टोग्राम बघा

सर्व्हर मधूनच अडखळतो, सीपीयू मात्र निवांत. अशा वेळी बहुतेकांचा हात एसट्रेसकडे, म्हणजे प्रोग्रामचे सिस्टिम कॉल (कर्नलकडे, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, केलेल्या मागण्या) दाखवणाऱ्या साधनाकडे जातो. पण तो दर सिस्टिम कॉलला प्रोसेस दोनदा थांबवतो, आत शिरताना आणि बाहेर पडताना. प्रॉडक्शनवर हे परवडत नाही. २००५ साली सोलारिस १० या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आलेल्या डीट्रेस या साधनाने वेगळी वाट घेतली: मोजणी कर्नलमध्येच उरकायची, बाहेर फक्त गोळाबेरीज आणायची. लिनक्सवर आज हे काम बीपीएफट्रेस करतो.

समजा, रीडला किती वेळ लागतो ते हवंय. व्हीएफएस_रीड या कर्नलच्या वाचनाच्या फंक्शनवर केप्रोब (फंक्शन सुरू होताना चालणारा प्रोब) लावा आणि थ्रेड आयडी ही की धरून त्या क्षणाची वेळ मॅपमध्ये, म्हणजे की-व्हॅल्यू तक्त्यात, ठेवा. केरेटप्रोबमध्ये (फंक्शन परतताना चालणारा प्रोब) वजाबाकी करा, नॅनोसेकंदांना १००० ने भागून मायक्रोसेकंद काढा आणि ते हिस्टला, म्हणजे किती वेळ लागलेले किती रीड ते दाखवणारा हिस्टोग्राम काढणाऱ्या फंक्शनला, द्या. परतीच्या प्रोबवर ‘सुरुवातीची नोंद असेल तरच’ ही अट हवीच. ती नसेल तर ट्रेसिंगच्या आधीच आत गेलेल्या कॉलची सुरुवात शून्य धरली जाते आणि मशीन बूट झाल्यापासूनचा सगळा काळ लेटन्सी (लागलेला वेळ) म्हणून समोर येतो. हिशेब झाला की नोंद डिलीट करा, नाहीतर मॅप भरतो आणि नव्या नोंदी गळतात.

हिस्टोग्राममध्ये बहुधा दोन उंचवटे दिसतात. मोठा असतो काही मायक्रोसेकंदांपाशी, म्हणजे पेज कॅशेतून (फाइलींचा मेमरीत ठेवलेला साठा) भागलेले रीड. फिरती डिस्क असेल तर छोटा काही मिलिसेकंदांपाशी. सरासरी या दोहोंच्या मधे कुठेतरी पडते, जिथे जवळपास एकही रीड नसतो!

कित्येक सेकंदांचे रीड दिसले म्हणून लगेच डिस्कला दोष देऊ नका. टर्मिनल, पाइप, सॉकेट यांचे रीडही याच फंक्शनमधून जातात. कुणीतरी कीबोर्डवर बोट ठेवायची वाट बघत असेल. निव्वळ डिस्कचा वेळ हवा असेल तर ब्लॉक_आरक्यू_इश्यू (डिस्ककडे मागणी गेली) ते ब्लॉक_आरक्यू_कम्प्लीट (ती पूर्ण झाली) या दोन ट्रेसपॉइंटमधलं एवढंच अंतर मोजा. इथे मात्र थ्रेड आयडी चालत नाही, कारण काम पूर्ण झाल्याचा इंटरप्ट भलत्याच थ्रेडच्या माथी येऊ शकतो. डिव्हाइस आणि सेक्टर ही जोडी की म्हणून धरा.

ओपनॲट या फाइल उघडणाऱ्या सिस्टिम कॉलच्या प्रवेशावर फाइलचं नाव कधीकधी रिकामं येतं. नाव असलेलं मेमरीचं पान अजून मेमरीत आलेलं नसतं आणि प्रोबला पेज फॉल्ट घेता येत नाही, म्हणजे ते पान तिथेच आत आणून घेता येत नाही. तिथे नावाचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) जपून ठेवा, नाव परतीच्या वेळी वाचा.