माझा अनुभव: ताप उतरला, नाडी उतरेना

धावण्याच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये राहून गेलेला दिवस लालच दिसतो. रात्रभराच्या विमानप्रवासामुळे धावणं राहिलं की अंगात ताप होता म्हणून राहिलं, याच्याशी अ‍ॅपला काही देणंघेणं नसतं. प्रवास आणि आजारपण एकापाठोपाठ एक आल्यावर माझा सगळ्यात जास्त राग या लाल रंगावर निघतो, कारण या दोन अडचणींचे उपाय एकमेकांच्या नेमके उलटे आहेत. प्रवासात अंतर कमी करायचं आणि वेग राखायचा. आजारपणातून उठल्यावर वेग साफ सोडून द्यायचा आणि तो सगळ्यात शेवटी परत आणायचा. आणि ताप गेल्यापासून पहिल्यांदा पळेपर्यंतची जी वाट बघावी लागते, तिच्याबद्दल बहुतेक वेळापत्रकांत एक ओळही नसते.

प्रवासाचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे. व्यायामाचे अभ्यासक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत आठवड्याचे सहा दिवसांचे व्यायाम दोनवर आणले, दुसऱ्या प्रयोगात रोजची ४० मिनिटं १३ वर आणली, पण तीव्रता तीच ठेवली. दोन्हींत १५ आठवडे प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता टिकली. तीव्रता कमी केल्यावर मात्र ती घसरली. १३ मिनिटांच्या गटाची लांब पल्ल्याची दमसास कमी झाली, हेही लक्षात ठेवायला हवं. म्हणून आठवडाभराच्या प्रवासात मी तीनच धावणी ठेवते. एक ३० मिनिटांचं आरामात, एक जमेल तितकं लांब, आणि एक असं: १० मिनिटं हळू, मग दोन मिनिटं जोरात आणि दोन मिनिटं हळू असं सहा वेळा, शेवटी पाच मिनिटं शांत. यासाठी अनोळखी गावात रस्ता शोधत बसावं लागत नाही, एक किलोमीटरचा सरळ, कमी रहदारीचा तुकडा पुरतो. ट्रेडमिलवर करायचं असेल तर एक टक्का चढ द्यावा. पट्ट्यावर समोरून हवेचा विरोध नसतो, तो थोडाफार भरून निघतो.

घड्याळाच्या वेळा बदलणारा प्रवास असेल, तर शरीर जुळायला साधारण दर तासाच्या फरकामागे एक दिवस धरावा. पूर्वेकडे जाणं जास्त जड जातं, कारण आपलं आतलं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब चालतं आणि त्याला पुढे ढकलण्यापेक्षा मागे रेंगाळणं सोपं असतं. उतरल्या दिवशी २० मिनिटं हळू पळावं, जोरातलं धावणं दोन-तीन दिवस लांबवावं. एक गोष्ट इथेच सांगते, कारण धावणाऱ्यांची यात हमखास गफलत होते. चार तासांहून लांब प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी दुखत असेल, सुजली असेल, गरम लागत असेल, तर तो स्नायू आखडला असं समजून चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्याबरोबर छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर थेट तातडीच्या विभागात जा.

आता आजारपण. सुरुवातीचा निर्णय अवघड नाही. नाक वाहतंय, घसा जरासा खवखवतोय, बाकी बरं आहे, असं असेल तर २०-३० मिनिटं हळू पळायला हरकत नसते. दहा मिनिटांत बरं वाटलं नाही तर परत फिरायचं. ताप, अंगदुखी, छातीतून येणारा खोकला, जुलाब, उलट्या, यांपैकी काहीही असेल तर धावणं बंद. जुलाब असतील तर ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घालायची. पाणी कमी घेऊन दाट केलं तर उलट जुलाब वाढतात. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, पाच मिलीलिटरचा.

गाडी अडते ती यानंतर. थर्मामीटर ३६.८ दाखवतो, भूक लागते, कंटाळा येतो, आणि पळायला काय हरकत आहे असं वाटू लागतं. अ‍ॅपमध्ये उद्याचं १२ किलोमीटर तयारच असतं. पण सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या नाडी मोजली की ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वरच असते. दुसऱ्या दिवशीही तीच. तिसऱ्या दिवशी खाली येते, चौथ्या दिवशी परत चढते. या वाट बघण्याइतकं वैतागवाणं धावण्याच्या सरावात दुसरं काही नाही, असं माझं मत आहे. दुखऱ्या गुडघ्याला निदान दुखतंय तरी. इथे दुखत काहीच नाही, फक्त एक आकडा अडून बसलेला असतो.

तो का अडतो हे कळलं की वैताग जरा कमी होतो. एक अंश सेल्सिअस तापामागे नाडी साधारण आठ ते दहा ठोक्यांनी चढते, ती ताप उतरल्यावर उतरायला हवी. पण झोपून राहिल्याने आणि कमी खाण्यापिण्याने रक्तातला द्रवभाग कमी झालेला असतो. प्रत्येक ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं, म्हणून हृदय ठोके वाढवून ते भरून काढतं. शिवाय ताप गेला तरी शरीराचा आजाराशी झगडा लगेच थांबत नाही. नाडी ही या सगळ्याची एकत्र बेरीज असते.

मोजायची कशी, यावर बरंच अवलंबून आहे. जाग आल्यावर, उठण्याआधी, फोन हातात घेण्याआधी मोजायची. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटं, पूर्ण ६० सेकंद. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते, आणि इथे निर्णयच चार-पाच ठोक्यांवर ठरायचा असतो. मग उभं राहायचं, एक मिनिट थांबायचं, परत ६० सेकंद मोजायचं. निरोगी असताना झोपलेल्या आणि उभ्या नाडीत साधारण १० ते २० ठोक्यांचा फरक पडतो. आजारातून उठताना हा फरक २५-३० पर्यंत जाऊ शकतो आणि डोकं हलकं वाटतं. झोपलेली नाडी जागेवर आली पण उभी अजून उड्या मारतेय, तर अजून थांबायचं.

या दोन्ही आकड्यांना अर्थ यायला आपला निरोगी आकडा आधीपासून माहीत हवा. त्यासाठी धडधाकट असताना सलग आठवडाभर मोजून सरासरी काढून ठेवावी. आजारी पडल्यावर ती काढता येत नाही. परगावी असताना हा आकडा आणखी गढूळ होतो. गरम खोली, अपुरी झोप, उंचावरचं ठिकाण, आदल्या रात्रीची दारू, कमी पाणी, प्रत्येक गोष्ट नाडी चढवते. म्हणून रात्री खोली थंड ठेवायची, लघवीचा रंग फिका असेल इतकं पाणी पिऊन झोपायचं, आणि तरीही आकडा चढाच असेल तर तो आजाराचाच आहे असं धरून चालायचं. मनगटावरच्या घड्याळाची रात्रीची नाडी बऱ्यापैकी भरवशाची असते. धावतानाची मात्र तपासून घ्यावी. हळू पळताना ती अचानक १७० दाखवू लागली, तर सेन्सर ठोक्यांऐवजी पावलं मोजत असण्याची शक्यता असते. थांबून बोटांनी मोजा किंवा छातीचा पट्टा लावा.

पळायला निघण्याआधी मी चार गोष्टी एकत्र जुळायची वाट बघते. पॅरासिटामॉल न घेता २४ तास ताप नाही. झोपलेली नाडी सलग दोन सकाळी नेहमीच्या पाच ठोक्यांच्या आत. दोन मजले जिने चढून वर पोचल्यावर पूर्ण वाक्य बोलता येतं. जेवण नेहमीइतकं जातंय. यातल्या पॅरासिटामॉलच्या अटीवर मी अडून बसते, कारण अंगदुखीसाठी घेतलेली गोळी ताप झाकते आणि थर्मामीटर खोटं समाधान देतो. चारही जुळेपर्यंत फक्त चालायचं, सपाटीवर, १० मिनिटांपासून ३० पर्यंत. नाडी खाली येऊन परत चढली, तर बहुतेक वेळा आदल्या दिवशी धावपळ झालेली असते, बॅगा उचलणं, लांब रांग, दिवसभराची बैठक. ताण पडल्याचा परिणाम २४ ते ४८ तासांनी दिसतो, म्हणून आज बरं वाटतंय एवढ्यावर उद्याचं ठरवू नये. चढली तर मोजणी पहिल्यापासून सुरू.

एवढं थांबण्याचं कारण हृदय आहे. विषाणूच्या आजारात क्वचित हृदयाच्या स्नायूलाच सूज येते, आणि त्या अवस्थेत जोराचा व्यायाम केला तर हृदयाची लय बिघडू शकते. छातीत दुखणं, विनाकारण धडधड, चक्कर येऊन पडणं, किंवा साध्या चालण्यालाही दम, यांतलं काहीही झालं तर नाडीची वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. तिथे ईसीजी आणि ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी, रक्ततपासणी होते. सूज नक्की झाली, तर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद ठेवायला सांगण्याची पद्धत आहे. त्यापुढे आठवडाभराची वाट काहीच नाही.

आणि थांबल्याने जातं किती? पहिल्या दहा दिवसांत फार थोडं. सरावलेल्या माणसाची प्राणवायू वापरण्याची क्षमता पूर्ण बंद ठेवल्यावर तीन आठवड्यांत साधारण सात टक्क्यांनी उतरते, आणि सुरुवातीची घट मुख्यतः त्या रक्तातल्या द्रवभागाची असते. तो भाग परत पळू लागल्यावर एक-दोन आठवड्यांत भरून येतो. जास्तीचे तीन दिवस थांबून काही बुडत नाही. घाईने पळून परत आडवं पडलं तर मात्र दोन-तीन आठवडे जातात.

औषधांचं मघाशीच सांगायला हवं होतं. प्रवासात जुलाब किंवा लघवीच्या संसर्गावर सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या गोळ्या बऱ्याचदा दिल्या जातात. या गटामुळे टाचेमागचा अकिलीस टेंडन दुखावतो, कधी तुटतोही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २००८ मध्ये याबद्दल सगळ्यात कडक इशारा या औषधांवर छापायला लावला. धोका साठीनंतर आणि सोबत स्टेरॉइड चालू असताना वाढतो, आणि गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनीही त्रास उद्भवू शकतो. मी धावते हे डॉक्टरांना आधीच सांगते आणि दुसरा पर्याय आहे का ते विचारते. हीच गोळी घ्यावी लागली तर उतारावरचं आणि जोरातलं धावणं लांबवायचं, टाचेमागे दुखलं की लगेच थांबून डॉक्टरांना कळवायचं. स्वतःच्या मनाने गोळ्या अर्ध्यावर सोडायच्या नाहीत. शरीरात पाणी कमी असताना आयब्युप्रोफेन घेऊन पळायचं नाही, मूत्रपिंडावर ताण येतो. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्युडोएफेड्रिन असतं त्यांनी नाडी चढते, तेव्हा त्या चालू असतानाचे सकाळचे आकडे धरू नयेत.

परतीचं धावणं अगदी साधं असतं. पहिल्या दिवशी एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, दहा वेळा. दुसऱ्या दिवशी सुट्टी, त्या सकाळची नाडी बघायची. चढली नसेल तर पुढच्या वेळी सलग १५-२० मिनिटं. कोविडनंतर खेळाकडे परतण्यासाठी ब्रिटनमधल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी २०२० मध्ये पायऱ्या मांडल्या होत्या. आधी कमाल नाडीच्या (पूर्ण जोर लावल्यावर गाठते त्या सगळ्यात वरच्या आकड्याच्या) ७० टक्क्यांखाली १५ मिनिटं, मग ८० टक्क्यांखाली ३०, ४५ आणि ६० मिनिटं, आणि त्यानंतरच नेहमीचा सराव. इतर तापांनंतरही मला हीच चढण सोयीची वाटते. वेगाकडे बघायचंच नाही. नेहमीच्या नाडीला किलोमीटरमागे अर्धा-पाऊण मिनिट जास्त लागतं, ते तसंच लागू द्यायचं. घड्याळाचा पडदा फक्त नाडी दाखवील असा लावून ठेवला की मोह कमी होतो. पहिल्या आठवड्याचं एकूण अंतर नेहमीच्या एक तृतीयांश, दुसऱ्याचं निम्मं ते दोन तृतीयांश.

जोरातलं धावणं सलग आठवडाभर हळू पळून सकाळची नाडी जागेवर राहिली की मगच, आणि तेही सहा वेळा एकेक मिनिट, मध्ये दोन मिनिटं चालणं. राहून गेलेली लांब धावणी भरून काढायची नाहीत. अ‍ॅपमध्ये ती मी पुसूनच टाकते आणि पुढचे आठवडे नव्याने लिहिते, नाहीतर ते लाल दिवस पुढच्या रविवारी ३० किलोमीटरचा आग्रह धरतात.

स्पर्धा जवळ असेल तर हिशेब असा. शेवटच्या सहा आठवड्यांत एक आठवडा गेला तर लक्ष्य तेच ठेवावं. दोन गेले तर मॅरेथॉनच्या वेळेत दहा-पंधरा मिनिटांची सूट धरून पहिला निम्मा पल्ला त्या हिशेबाने पळावा. तीन किंवा जास्त गेले, तर आयोजकांना लिहून अर्ध्या पल्ल्यात नाव बदलून मिळतं का ते विचारावं. हा बदल बहुतेक ठिकाणी ठरावीक तारखेपर्यंतच होतो, म्हणून ती तारीख ताप आला त्याच दिवशी बघून ठेवावी.